बोटं नंतर बघ, आधी कॉर्ड ऐक

तुझा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हाच प्रश्न मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्या सरांना विचारला होता, फक्त तेव्हा व्हिडिओ नव्हता, कॅसेट होती. तू म्हणतोस की अ‍ॅलन होल्ड्सवर्थ या जॅझ-रॉक गिटारवाल्याचे लाइव्ह व्हिडिओ बघून तुझे हॉस्टेलवरचे गिटारवाले मित्र पार वेडे होतात, एकेक सोलो दहादा मागे नेऊन बघतात, "हा माणूस नाहीच्चे" म्हणतात, आणि तुला मात्र एक गंभीर चेहऱ्याचा माणूस एका जागी उभा राहून भराभर सूर सांडताना दिसतो, धून सापडत नाही, टाळी कुठे द्यायची ते कळत नाही. मग हे लोक खरंच काही ऐकतात की नुसता भाव खातात?

दोन्ही. भाव खाणारे आहेतच, मीही त्यातलाच होतो दोन-तीन वर्षं. कळत काही नव्हतं पण 'होल्ड्सवर्थ ऐकतो' असं सांगितलं की बाकीचे गिटारवाले जरा दबून राहायचे. पण ऐकण्यासारखं खरंच खूप आहे, आणि ते स्पीडमध्ये नाहीये, तुझे मित्र तुला चुकीच्या जागी बघायला लावतायत एवढंच.

आधी माझं सांगतो म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुझं तू ठरव. पुण्यात गिटार शिकवतो, पंचविसेक वर्षं झाली, त्याच्या आधी आणि त्याच्या सोबत ऑर्केस्ट्रा, लग्नं, गणपतीतले कार्यक्रम, थोडं स्टुडिओतलं काम. होल्ड्सवर्थसारखं मला वाजवता येत नाही. त्याला प्रत्यक्षही कधी बघितलं नाही, ते राहूनच गेलं, २०१७ मध्ये तो गेला. पण त्याच्या वाजवण्याच्या नादात हात दुखावून घेतलाय, कार्यक्रमाचा विचका केलाय, आणि शिकवताना गेली कित्येक वर्षं तुझ्यासारख्याच पोरांना हे समजावत आलोय.

माणूस इंग्लंडचा, यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचा, जन्म १९४६. घरात पियानो वाजवणारं वडीलधारं माणूस, जॅझच्या रेकॉर्ड्स लहानपणापासून कानावर. आणि याला हवा होता सॅक्सोफोन. गिटार नकोच होती त्याला, ती हातात आली म्हणून वाजवली. जॅझमधला सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, त्याच्यावर जीव. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कारण पुढे त्यानं जे काही केलं ते सगळं या एका हट्टातून आलंय, की माझ्या हातात तारेचं वाद्य आहे पण मला फुंकीचं वाजवायचंय.

आता हा हट्ट आपल्याला नवा आहे का? अजिबात नाही. सतार हे छेडायचं वाद्य, मिजराब लागली की 'दा', उलटी लागली की 'रा', आणि सूर लगेच विरायला लागतो. तरी विलायत खाँसाहेबांनी त्यातून गाणं काढलं, गायकी अंग म्हणतात ते, एका पडद्यावरून तार ओढून ओढून चार-पाच स्वरांची मींड. म्हणजे वाद्यानं सांगितलं की मी तुटक बोलणार, आणि वाजवणाऱ्यानं सांगितलं नाही, तू गाणार. होल्ड्सवर्थचं भांडण गिटारशी अगदी हेच, फक्त यांना गळा हवा होता आणि त्याला सॅक्सोफोन.

त्यासाठी त्यानं काय केलं तर पिकचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीचा, टणत्कार जवळजवळ हद्दपार केला. साधा गिटारवाला जलद वाजवतो तेव्हा प्रत्येक सुराला पिक मारतो, टक टक टक टक, ते ऐकायला थरारक वाटतं पण त्यात शिवणयंत्र असतं. होल्ड्सवर्थ एका तारेवर एकदा पिक मारणार, कधी कधी तेवढीही नाही, आणि पुढचे तीन-चार सूर डाव्या हाताच्या बोटांनी नुसते ठोकून. याला हॅमर-ऑन म्हणतात, बोट उचलून खालचा सूर काढला की पुल-ऑफ. सतारवाल्यांचं कृंतन आणि जमजमा, त्याच घराण्यातलं हे. पण यातही त्याची खोड बघ. पुल-ऑफ करताना आपण बोट जरा बाजूला ओढतो, तार छेडली जाते आणि एक बारीकसा 'म्याँव' येतो, तो त्याला सहन व्हायचा नाही. म्हणून तो बोट सरळ वर उचलायचा आणि उतरते सूरसुद्धा ठोकूनच काढायचा. आता तू गिटार वाजवत नसशील तर तुला यात काय अवघड ते कळणार नाही, पण तुझ्या मित्रांना एक मिनिट करून बघायला सांग, सूर एकसारखे येतात का ते बघ, एक मोठा एक मेलेला असंच येणार. यानं सगळे एका वजनाचे काढले, तेही बारीक तारांवर, अ‍ॅम्पचा गेन (आवाज फुगवायची मात्रा) इतका की चुकून दुसऱ्या तारेला स्पर्श झाला तर बोंब होते.

परिणाम असा होतो की सुराची सुरुवात ऐकूच येत नाही. सूर 'लागत' नाही, तो आधीपासून तिथे होता आणि आपल्याला आत्ता दिसला असं वाटतं. म्हणून तुला ते 'सांडल्यासारखं' वाटलं. शब्द बरोबर वापरलास तू, फक्त तक्रार म्हणून वापरलास.

पण खरं सांगू, मला विचारशील तर बोटं हा त्यातला दुय्यम भाग. त्याच्या कॉर्ड्स ऐक आधी. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर.

बऱ्याच चिजांची सुरुवात तो एकटा कॉर्ड वाजवून करायचा, किंवा मध्ये सगळे थांबायचे आणि हा एकटा. पायाखाली व्हॉल्यूम पेडल. कॉर्ड वाजवताना पेडल बंद, म्हणजे पिकचा आवाज गायब, मग हळूच उघडायचं, आणि पुढे एकापेक्षा जास्त डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारी यंत्रं, लावलेले, त्यामुळे तो आवाज हॉलमध्ये धुक्यासारखा पसरतो. डोळे मिटले तर गिटार आहे हे सांगता येत नाही, कुणीतरी व्हायोलिनचा ताफा हळूहळू दार उघडून आत सोडतोय असं वाटतं. आणि त्या कॉर्ड्स पण आपण शिकतो तशा नाहीत, सी मेजर, ए मायनर वगैरे. तो कॉर्डकडे एक ठराविक आकार म्हणून बघायचाच नाही, त्याच्या लेखी कॉर्ड म्हणजे एखाद्या स्केलमधले, म्हणजे सुरांच्या ठरलेल्या मालिकेतले, कुठलेही चार सूर, कुटुंबातले चार जण फोटोला उभे केल्यासारखे, दुसऱ्या मिनिटाला दुसरे चार उभे राहतील, कुटुंब तेच. स्केलसुद्धा त्यानं पुस्तकातून घेतल्या नाहीत, सुरांची आकडेमोड करत करत स्वतः काढल्या, स्वतःच्या खुणा ठेवल्या. १९९२ च्या सुमाराला त्याचा एक शिकवण्याचा व्हिडिओ आला होता, त्यात तो शांतपणे सांगतो की असं असं आहे, आणि बघणारा आधी होता त्याहून जास्त गोंधळून बाहेर येतो. मी तो चार वेळा बघितला. चौथ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन. असो.

आता या कॉर्ड्सवर सोलो वाजवायचा म्हणजे काय, ते तुला आपल्या भाषेत सांगतो. समज गायकाला सांगितलं की दर दोन-चार मात्रांनी राग बदलणार, यमनमधून तोडी, तोडीतून भलतंच काहीतरी, पण तान तुटता कामा नये, आणि सांधा दिसता कामा नये. रागमालेत निदान थांबून पुढच्या रागात जाता येतं, इथे धावत्या तानेतच सगळं. आणि हे पाठ नाही, तिथल्या तिथे. हे जॅझवाले सगळेच करतात, त्याला ते चेंजेसवर, म्हणजे बदलत्या कॉर्ड्सवर, वाजवणं म्हणतात, पण होल्ड्सवर्थचे चेंजेस ओळखीचेच नसल्यामुळे ऐकणाऱ्याच्या पायाखाली काहीच नसतं. तू धून शोधत होतास ना, ती वरच्या सुरांत नाहीच सापडणार. बेस गिटार काय वाजवतोय ते गुणगुण. त्याच्याबरोबर जिमी जॉन्सन नावाचा बेसवाला वर्षानुवर्षं होता, त्याचं बोट धरून चाल, आणि मग वरून होल्ड्सवर्थ जातो तेव्हा कळतं की हा इथे नव्हताच, हा पुढच्या कॉर्डवर आधीच जाऊन बसला होता.

म्हणूनच लाइव्हचं एवढं कौतुक. स्टुडिओतले त्याचे अल्बम सुंदर आहेत पण त्यात तो स्वतःच स्वतःवर इतका नाराज असायचा की घासून घासून गुळगुळीत केलेले वाटतात कधी कधी. लाइव्हमध्ये घासायला वेळच नाही. एखादी फ्रेज चालू होते, मध्येच कळतं की ती त्याला हवी तिथे उतरत नाहीये, आणि तो ती सोडून न देता तिथेच वळवतो, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदात. सुटकेचा तो क्षण ऐकायला लोक येतात.

एक प्रयोग सांगतो, तो कर. 'फ्रेड' नावाची चीज आहे. १९७५ साली टोनी विल्यम्सच्या 'बिलीव्ह इट' अल्बमवर होल्ड्सवर्थनं ती वाजवलीये. टोनी विल्यम्स म्हणजे सतराव्या वर्षी जॅझमधला मोठा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्या बँडमध्ये ड्रम्सवर बसलेलं पोरगं, पुढे त्यानं स्वतःचा बँड काढला, त्यात हा. कीबोर्डवर अ‍ॅलन पास्क्वा. मग तीच चीज २००६ मध्ये ओकलंडच्या 'योशीज' क्लबमधल्या कार्यक्रमात ऐक, व्हिडिओ आहे त्याचा. कीबोर्डवर तोच पास्क्वा, बेसवर जिमी जॉन्सन, ड्रम्सवर चॅड वॅकरमन. एकतीस वर्षांचं अंतर आहे. पहिल्यात एक तिशीच्या आतला पोरगा दार तोडून आत येतो, गिटारचा आवाज खरबरीत, पिक ऐकू येते. दुसऱ्यात साठीच्या दारातला माणूस, आवाजाला कडाच नाही, आणि घाई अजिबात नाही, सूर कदाचित तेवढेच असतील पण घाई नाही. एकाच बंदिशीचं तरुणपणीचं आणि उतारवयातलं रेकॉर्डिंग आपण लावून बघतो की नाही, तसं. हे दोन लागोपाठ ऐकलेस की स्पीडवरचं तुझं लक्ष आपोआप उडेल.

टाळीबद्दल तू जे विचारलंस ते मला सगळ्यात आवडलं. आपल्याकडे दाद कुठे द्यायची ते ठरलेलं असतं. तिहाई आली, सम आली, माना हलल्या, 'क्या बात' गेली. पेटीवाल्यापासून मागे सतरंजीवर बसलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना सम कुठे आहे ते माहीत असतं, म्हणून दाद एकदम येते. जॅझ क्लबात सोलो संपला की टाळी. होल्ड्सवर्थच्या बाबतीत गडबड अशी की तो फ्रेज समेवर ठेवतच नाही, बाराच्या ठोक्याला सुरू करून साडेबाराला संपवल्यासारखं, रेघ ओलांडून पलीकडे कुठेतरी. सोलो संपला की नाही तेच कळत नाही. मग लोक काय करतात? एक तर गप्प बसतात, हाताची घडी घालून. गिटारवाल्यांचा प्रेक्षक हा तसाही जगातला सगळ्यात वाईट प्रेक्षक, पुढच्या रांगेत बसून डाव्या हाताकडे टक लावून बघणारा, टाळी वाजवली तर दोन फ्रेज बघायच्या राहतील म्हणून न वाजवणारा. आणि दुसरं म्हणजे हसतात. खरंच हसतात. मी क्लासमध्ये कितीतरी वेळा बघितलंय, नवीन पोराला ऐकवलं की मध्येच एका जागी तो फसकन हसतो, विनोद काहीच नसतो. आपल्याकडे मैफिलीत "अरे अरे अरे" म्हणत कपाळाला हात लावतात ना, तेच ते. माझ्यासाठी तीच खरी दाद, टाळी नंतरची गोष्ट.

याच्या उलटं बघायचं असेल तर दुसरा यॉर्कशरवाला बघ, जॉन मॅकलॉफ्लिन. हा पण तिथलाच, डॉनकास्टरचा, १९४२ चा जन्म, काय पाणी आहे तिथलं कोण जाणे. पण हात पूर्ण वेगळा, मॅकलॉफ्लिन जवळजवळ प्रत्येक सुराला पिक मारणार, प्रत्येक बोल स्वच्छ, तबल्यासारखा. म्हणून तबल्यावरच्या झाकीरभाईंबरोबर (झाकीर हुसेन) त्याचं 'शक्ती' या बँडमध्ये इतकं जमलं. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत 'रिमेंबर शक्ती'चे कार्यक्रम झाले त्यांचं 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' म्हणून रेकॉर्डिंग आलंय, ते लाव आणि लोकांचा आवाज ऐक. तिहाई सुटली की लोक तिच्याबरोबर धावतात, सम आली की फुटतात. त्या लोकांना फ्यूजन समजत होतं असं नाही, त्यांना सम समजत होती, आणि मॅकलॉफ्लिनला माहीत होतं की ती त्यांना समजते. तुला मॅकलॉफ्लिन लगेच आवडेल, मी पैज लावतो. होल्ड्सवर्थ तुला हात देत नाही, तो त्याच्या तंद्रीत असतो, तुलाच चालत त्याच्यापर्यंत जावं लागतं. कुणाला हे उद्धट वाटतं. मला तो लाजाळूपणा वाटतो.

कारण तो माणूस खरंच तसा होता. हे त्याच्या चाहत्यांचं आणि त्याचं विचित्र नातं आहे बघ. लोक कार्यक्रम संपल्यावर डोळ्यात पाणी घेऊन भेटायला जायचे आणि तो त्यांना सॉरी म्हणायचा, आज नीट झालं नाही म्हणून. एकदा-दोनदा नाही, त्याला ओळखणारे कितीतरी जण हेच सांगतात. सुरुवातीच्या काळात, १९७६ मध्ये, 'व्हेल्व्हेट डार्कनेस' नावाचा अल्बम त्याच्या नावावर निघाला, त्यात याला जी तालीम वाटत होती तीच रेकॉर्ड करून विकली गेली, त्याचा त्याला आयुष्यभर राग होता. मग १९८२ चं 'आय ओ यू', स्वतः पदरमोड करून काढलेलं, नावच 'देणं लागतो'. तेव्हा एडी व्हॅन हेलन, जो त्या काळी जगातला सगळ्यात मोठा रॉक गिटारवाला होता, तो याचा इतका भक्त की त्यानं खटपट करून याला वॉर्नर ब्रदर्सचं कॉन्ट्रॅक्ट मिळवून दिलं. त्यातून १९८३ चं 'रोड गेम्स' आलं, ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं, आणि हा त्यावरही नाखूश. आता सांग, अशा माणसाचा फॅन असणं म्हणजे काय? तुला जे देवासारखं वाटतं ते त्याला चुकांची यादी वाटते. मला आधी वाटायचं ही नम्रता असेल. पुढे स्वतः वाजवायला लागल्यावर कळलं की नम्रता वगैरे काही नाही, त्याच्या डोक्यात जो सॅक्सोफोन वाजत होता त्याच्याशी तो ताडून बघत होता. आपण ताडून बघायचो बाकीच्या गिटारवाल्यांशी.

त्या सॅक्सोफोनच्या पायी पुढे तो गिटारही सोडायला निघाला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिंथअ‍ॅक्स नावाचं यंत्र आलं, दिसायला गिटार आणि आवाज सिंथेसायझरचा, त्याला तोंडानं फुंकायची नळी जोडता यायची. म्हणजे अखेर फुंक! १९८६ च्या 'अ‍ॅटाव्हाक्रॉन'पासून त्यानं ते वापरलं. माझं मत विचारशील तर तो आवाज आता फार जुना झालाय, त्या काळातल्या टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीतासारखा वाटतो, आणि कट्टर फॅन यावर माझ्याशी भांडतात. भांडू देत. पण फोटो बघ त्याचा ती नळी तोंडात धरलेला, लहान पोराला हवं ते खेळणं चाळिशीत मिळाल्यासारखा.

आणि टीका करायची तर अजूनही आहे. चिजा पुष्कळ वेळा एकमेकींसारख्या वाटतात. गाणारे सोबत होते त्या चिजा मला फारशा भिडत नाहीत. सोलो लांबले की मीही कधी कधी बेसकडे आणि ड्रम्सकडेच लक्ष देतो. तुझ्या मित्रांपैकी कुणी म्हणालं की होल्ड्सवर्थचं सगळंच भारी, तर समज की त्यानं सगळं ऐकलेलं नाही.

आता माझी फजिती, वर विचक्याचं म्हणालो होतो ती. ऑर्केस्ट्रात होतो, गणपतीचा कार्यक्रम, कोळीगीतांची मेडली चालू. मधल्या म्युझिकला गिटारचे आठ बार होते. मी आठवडाभर होल्ड्सवर्थची एक फ्रेज घासली होती, ठरवलं आज टाकायची. टाकली. ढोलकीवाल्यानं मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की जणू स्टेजवर साप निघाला, गायिकेची एन्ट्री चुकली, कीबोर्डवाल्यानं कसंबसं सावरलं. कार्यक्रम संपल्यावर मंडळाचा कार्यकर्ता प्रेमानं येऊन म्हणाला, दादा, मध्ये तुमची केबल खराब झालेली का? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

सरांना हे सांगितलं तर ते खो खो हसले. सर गोव्याचे, मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून म्हातारपणी पुण्याला मुलीकडे आले होते. त्यांचा भाचा बोटीवर कामाला, त्यानं कुठूनतरी होल्ड्सवर्थच्या 'मेटल फटीग' अल्बमची कॅसेट आणलेली, तीच मी पहिल्यांदा ऐकली. सरांच्या बोटांना तेव्हा संधिवात होता, वाजवणं जवळजवळ बंद. तुझाच प्रश्न मी त्यांना विचारला, की सर यात ऐकायचं काय. ते काही बोलले नाहीत. कॅसेट मागे नेली, जिथे नुसत्या कॉर्ड येतात तेवढा तुकडा लावला, सोलो सुरू व्हायच्या आधी बंद केली. परत मागे, परत तोच तुकडा. असं पाच-सहा वेळा. मग म्हणाले, हे गाऊन दाखव. मला वरचा एक सूर कसाबसा गाता आला. म्हणाले आता त्याच्या खालचा. तो नाही आला. त्या दिवशी शिकवणी तिथेच संपली, चहा झाला, आणि पुढचे दोन महिने सोलो ऐकायला बंदी. चिडलो होतो मी. आता मी स्वतः पोरांना तेच करायला लावतो आणि ती माझ्यावर चिडतात.

तर तूही तिथूनच सुरू कर. २००२ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी पिट इनमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं 'ऑल नाइट राँग' नावाचं रेकॉर्डिंग आहे, गिटार, बेस, ड्रम्स, तिघंच, बाकी कुणी नाही. त्यातलं 'अबव्ह अँड बिलो' लाव, हेडफोनवर, व्हिडिओ न बघता. शांत चीज आहे. पहिल्यांदा काहीच करू नकोस. दुसऱ्यांदा फक्त बेस. तिसऱ्यांदा कॉर्डमधला सगळ्यात वरचा सूर पकड आणि तो कुठे जातो ते गुणगुणत राहा, तीच तुझी हरवलेली धून. मग त्याच रेकॉर्डवरचं 'वॉटर ऑन द ब्रेन' ऐक, तिथे धुमाकूळ आहे, तेव्हा लक्ष ड्रम्सकडे ठेव, चॅड वॅकरमन त्याच्या प्रत्येक वळणाला काय उत्तर देतो ते. व्हिडिओ बघायचाच असेल तर १९८४ चा टोकियोचा बघ, तिशीतला होल्ड्सवर्थ, जपानी लोकांनी त्याच्यावर फार आधीपासून प्रेम केलंय, त्याची चांगली लाइव्ह रेकॉर्डिंग्ज तिथली उगाच नाहीत.

फॅन लोकांबद्दल एक राहिलं. एप्रिल २०१७ मध्ये त्याच्या अल्बमांचा बारा सीडींचा मोठा संच निघाला आणि आठवड्याभरात, १५ एप्रिलला, तो कॅलिफोर्नियात घरी गेला, सत्तर वर्षांचा होता. घरच्यांकडे अंत्यसंस्काराला पुरेसे पैसे नव्हते. ज्याच्यापुढे व्हॅन हेलननं हात जोडले त्याच्याकडे नव्हते. ऑनलाइन मदत मागितली तर वीस हजार डॉलर मागितले होते, आणि थोड्याच दिवसांत लाखाच्या वर जमले. पाच डॉलर, दहा डॉलर, जगभरातून. माझ्या एका विद्यार्थ्यानं, जो तेव्हा तिकडे नोकरीला होता, त्यानं आमच्या क्लासच्या नावानं थोडे टाकले आणि मला नंतर सांगितलं. टाळी कुठे द्यायची म्हणून आयुष्यभर गोंधळलेल्या लोकांनी ती तिथे दिली, उशिरा.

आणि हो, तुझ्या मित्रांना माझा निरोप दे. डाव्या हाताचे क्लोजअप बघून पाच-सहा फ्रेटचा (गिटारच्या पडद्यांचा) स्ट्रेच पहिल्या दिवशी करायचा नाही. त्याची बोटं लांब होती, वर्षानुवर्षांची सवय होती. मी एका मे महिन्यात रोज चार तास ते केलं आणि पुढचे दोन महिने मला मनगटाला पट्टा बांधून डब्याचं झाकणसुद्धा आईकडून उघडून घ्यावं लागलं. आधी वरच्या फ्रेट्सवर करा, तिथे अंतर कमी असतं, दहा मिनिटं, दुखलं की थांबायचं.